जांभूळ, काळी द्राक्षे आणि घरातल्या मोठ्यांची आठवण

जून महिन्यात संध्याकाळी विश्रामबागच्या चौकातून चक्कर मारली तर बागवानांच्या गाड्यांवर जांभळांचे ढीग दिसतात. पहिला पाऊस पडून गेलेला असतो. पोरे चार जांभळे तोंडात टाकून एकमेकांना जांभळी जीभ दाखवत असतात. नेमक्या त्याच वेळी आपल्या मोबाईलवर एखादा मेसेज येतो, "रोज ब्लूबेरी खा, विसरभोळेपणा घालवा." मग वाचक आम्हाला विचारतात, "सांगलीत ब्लूबेरी कुठे मिळते? महाग असली तरी चालेल, अब्बांसाठी पाहिजे."

हा प्रश्न फळाचा वाटतो, पण त्याच्या मागे काळजी वेगळीच असते. घरातली दादी जेवून उठते आणि अर्ध्या तासाने म्हणते, "मला अजून कुणी जेवायला वाढलं नाही." सून वैतागून म्हणते, "अभीच तो खाए ना, दादी!" नाना जुम्याच्या नमाजला जातात आणि परतीची गल्ली चुकतात. कालपर्यंत सगळ्या मोहल्ल्याचा हिशेब तोंडपाठ असलेल्या माणसाला नातवाचे नाव आठवत नाही. तेव्हा मुलगा हातात येईल तो उपाय करायला निघतो. ब्लूबेरी हा त्यातलाच एक.

म्हणून या लेखात आम्ही तीन गोष्टी नीट मांडणार आहोत. बेरी वर्गातली फळे मेंदूला खरोखर काही देतात का? देत असतील तर आपल्या भागातली कोणती फळे त्या जागी बसतात? आणि फळांवर न थांबता आणखी काय करायला हवे?

थोडक्यात उत्तर

- लाल, जांभळी आणि काळसर फळे नियमित खाणाऱ्या वयस्कर लोकांमध्ये स्मरणशक्तीची घसरण सावकाश झाल्याचे काही मोठ्या पाहण्यांमध्ये दिसले आहे.
- हा आधार आहे, औषध नव्हे. झालेला स्मृतिभ्रंश कोणत्याही फळाने बरा होत नाही.
- परदेशी ब्लूबेरीच पाहिजे असे नाही. जांभूळ, करवंद, काळी द्राक्षे, स्ट्रॉबेरी, तुती, फालसा आणि डाळिंब यांमध्येही त्याच कुळातले रंग आहेत.
- शुगर, बीपी, कमी ऐकू येणे, तंबाखू आणि एकटेपणा यांकडे दुर्लक्ष केले तर नुसती फळे काही करू शकत नाहीत.

विसरणे कोणते, आजार कोणता?

वय वाढले की थोडे विसरायला होतेच. चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, ओळखीच्या माणसाचे नाव ओठावर येऊन अडते आणि थोड्या वेळाने आठवते. यात घाबरण्यासारखे काही नाही.

काळजीची लक्षणे वेगळी असतात. तोच प्रश्न तासाभरात पाच वेळा विचारणे. रोजच्या रस्त्यावर वाट चुकणे. वर्षानुवर्षे केलेला स्वयंपाक जमेनासा होणे. पैशांचा हिशेब न लागणे. नमाजमध्ये किती रकात झाल्या हे वारंवार न कळणे, किंवा नमाज पढलो हेच विसरून पुन्हा उभे राहणे. स्वभाव अचानक संशयी किंवा चिडका होणे, "माझे पैसे कुणीतरी चोरले" असे सारखे म्हणत राहणे. अशा गोष्टींमुळे रोजचे जगणे अडायला लागले की त्याला म्हातारचळ म्हणून सोडून देऊ नये.

डॉक्टर याला डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश म्हणतात. त्याचे अनेक प्रकार आहेत. सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार अल्झायमर. जर्मन डॉक्टर अलॉयस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये तो पहिल्यांदा मांडला, म्हणून त्यांचे नाव त्याला पडले. मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडत गेल्याने होणारा स्मृतिभ्रंशही बराच आढळतो, आणि शुगर-बीपीच्या घरांत त्याचा धोका वाढतो.

हा आजार फक्त परदेशात होतो अशी समजूत चुकीची आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाचा अंदाज असा की, भारतात साठ वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे जवळपास ८८ लाख जणांना, स्मृतिभ्रंश आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये आणि शहरांपेक्षा खेड्यांत त्याचे प्रमाण जास्त आढळले. म्हणजे आपल्या अम्मी, नानी, दादी यांच्याकडे जास्त लक्ष द्यायला हवे.

बेरी म्हणजे नेमके काय?

बाजारात बेरी म्हटले की ब्लूबेरी, स्ट्रॉबेरी, रास्पबेरी अशी नावे समोर येतात. वनस्पतिशास्त्राचा हिशेब वेगळाच आहे. फुलाच्या एकाच बीजकोशापासून तयार झालेले, आतून गरदार असे फळ म्हणजे बेरी. या हिशेबाने द्राक्ष ही बेरी, करवंद ही बेरी, इतकेच काय तर टोमॅटो आणि वांगे हीसुद्धा बेरीच. उलट स्ट्रॉबेरी नावाने बेरी असली तरी शास्त्राच्या व्याख्येत बसत नाही.

पण मेंदूच्या दृष्टीने ही व्याख्या महत्त्वाची नाही. महत्त्वाचा आहे तो रंग. जांभूळ खाल्ल्यावर जीभ रंगते, करवंद चुरगळले की बोटे लाल होतात. त्या रंगद्रव्याला अँथोसायनिन म्हणतात. ब्लूबेरीचा निळा रंग, स्ट्रॉबेरीचा लाल आणि काळ्या द्राक्षाच्या सालीचा जांभळा रंग हा त्याच कुटुंबातला. जांभळ्या वांग्याच्या सालीतही तो असतो. अँथोसायनिन हा फ्लॅव्होनॉईड नावाच्या मोठ्या गटाचा एक भाग आहे.

हा रंग मेंदूत काय करतो?

आपला मेंदू शरीराच्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के असतो. पण शरीर घेते त्यातला सुमारे वीस टक्के ऑक्सिजन तो एकटा वापरतो. जिथे चूल मोठी तिथे धूरही जास्त. ऑक्सिजन वापरताना काही उपद्रवी कण तयार होतात. तरुणपणी शरीर त्यांचा बंदोबस्त करते, वय वाढले की ही ताकद कमी होते. त्यातच मेंदूत बारीक सूज राहायला लागते आणि रक्तवाहिन्या कडक होतात. पेशी थकण्यामागे ही कारणे आहेत.

फ्लॅव्होनॉईड या दोन्ही बाबतीत मदत करतात, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. ते सूज कमी करायला आणि रक्तवाहिन्या लवचिक ठेवायला हातभार लावतात. रक्तातून मेंदूत काय जाऊ द्यायचे यावर शरीराची एक कडक गाळणी असते. ब्लूबेरी खाऊ घातलेल्या उंदरांच्या मेंदूत अँथोसायनिन सापडले, म्हणजे हा रंग थोड्या प्रमाणात का होईना ती गाळणी ओलांडतो. हे संशोधन २००५ मध्ये प्रसिद्ध झाले.

माणसांवरचे पुरावे किती पक्के?

इथे थोडे सावकाश वाचावे, कारण मोबाईलवरचे मेसेज नेमके इथेच फसवतात.

सुरुवात उंदरांपासून झाली. अमेरिकेत बोस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठातले जेम्स जोसेफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हाताऱ्या उंदरांना आठ आठवडे ब्लूबेरी, स्ट्रॉबेरी किंवा पालकाचा अर्क मिसळलेले खाणे दिले. १९९९ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले. या उंदरांची आठवण सुधारली, आणि ब्लूबेरी खाणाऱ्यांचा तोलही सुधारला.

माणसांवरची सगळ्यात चर्चेतली पाहणी २०१२ ची. अमेरिकेतल्या नर्सेसची एक मोठी आरोग्य पाहणी १९७६ पासून चालू आहे. त्यातल्या सत्तर वर्षांवरील १६,०१० स्त्रियांची स्मरणशक्ती ठरावीक काळाने तपासली गेली, आणि त्या वर्षानुवर्षे काय खात होत्या याच्याशी ती ताडून पाहिली. आठवड्यातून किमान एकदा अर्धा कप ब्लूबेरी, किंवा दोनदा अर्धा-अर्धा कप स्ट्रॉबेरी खाणाऱ्या स्त्रियांची घसरण सावकाश झाली होती. हा फरक जास्तीत जास्त अडीच वर्षांइतका होता. म्हणजे बेरी खाणाऱ्या बाईचा मेंदू तिच्या वयाच्या इतर बायकांपेक्षा साधारण दोन-अडीच वर्षांनी तरुण वागत होता.

२०१५ मध्ये शिकागोच्या रश विद्यापीठातल्या मार्था क्लेअर मॉरिस यांनी माइंड डाएट नावाची आहारपद्धत मांडली. तिच्यात पालेभाजी, कडधान्ये, सुकामेवा, मासे, अख्खे धान्य यांवर भर आहे. फळांपैकी फक्त बेरींचे नाव वेगळे घेतले आहे, तेही आठवड्यातून किमान दोनदा. ९२३ वयस्कर लोकांच्या पाहणीत हा आहार कसोशीने पाळणाऱ्यांमध्ये अल्झायमरचा धोका ५३ टक्क्यांनी कमी दिसला. बऱ्यापैकी पाळणाऱ्यांमध्येही तो ३५ टक्क्यांनी कमी होता.

हे ऐकून कुणालाही आनंद होईल. पण पुढची गोष्टही सांगितली पाहिजे. वरच्या दोन्ही पाहण्या म्हणजे लोक आपापले जे खात होते त्याची नोंद होती. जी बाई नियमित फळे खाते, ती कदाचित चालायलाही जाते, औषधेही वेळेवर घेते. संशोधक हा फरक हिशेबात धरतात, तरी तो पूर्ण पुसता येत नाही. म्हणून मग खरी कसोटी घेतली गेली. ६०४ लोकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला माइंड डाएट, दुसऱ्याला नेहमीचे जेवण. दोन्ही गटांना थोडे कमी खायला सांगितले. तीन वर्षांनी, २०२३ मध्ये, निकाल आला. दोन्ही गटांची थोडीफार सुधारणा झाली, पण दोघांमध्ये म्हणावा तसा फरक निघाला नाही.

याचा अर्थ फळे निरुपयोगी असा नाही. तीन वर्षे हा मेंदूसाठी फार छोटा काळ आहे, आणि दुसऱ्या गटानेही खाणे सांभाळलेच होते. अर्थ इतकाच की म्हातारपणी अचानक सुरू केलेल्या फळांकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नये. चाळिशीपासून लागलेली सवय जास्त कामाची. ब्लूबेरीच्या गोळ्या आणि पावडरी विकणारे हा दुसरा निकाल कधी सांगत नाहीत, हेही लक्षात ठेवा.

सांगलीच्या द्राक्षांचे काय?

आता आपल्या घरच्या बेरीकडे येऊ. तासगाव, मिरज, पलूस, कवठेमहांकाळ हा पट्टा द्राक्षांचा. सांगली आणि तासगावच्या बाजारात बेदाण्याचे सौदे होतात, आणि सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. आपल्या कितीतरी कुटुंबांचे पोट या फळावर चालते. कुणी बागेत मजुरीला जातो, कुणी बेदाणा निवडायला, कुणाची फळांची गाडी. मग मेंदूसाठी आपले द्राक्ष पुरेसे नाही का?

उत्तर रंगावर आहे. आपल्याकडे सगळ्यात जास्त पिकतात ती हिरवी, बिनबियांची द्राक्षे. थॉमसन, तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन ही नावे सगळ्यांना माहीत आहेत. ही गोड असतात, पण त्यांच्या सालीत जांभळा रंग नसतो आणि उपयोगी द्रव्ये साठवणारी बीही नसते. हिरव्या द्राक्षात काहीच नाही असे नव्हे. पण ज्या रंगाबद्दल आपण बोलतो आहोत तो हवा असेल तर शरद सीडलेससारखी काळी द्राक्षे घ्यावीत, आणि सालीसकट खावीत. गाळून केलेल्या रसात सालीचा बराचसा भाग निघून जातो.

द्राक्षांवर माणसांचे प्रयोगही झाले आहेत, पण लहान. अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठात स्मरणशक्तीची तक्रार असलेल्या बारा वयस्कर लोकांवर बारा आठवडे जांभळ्या कॉन्कॉर्ड द्राक्षांच्या रसाचा प्रयोग झाला. शब्द शिकून लक्षात ठेवण्यात थोडी सुधारणा दिसली. २०१० मध्ये हे प्रसिद्ध झाले. आशा वाटावी इतके हे आहे, मात्र बारा माणसांवरून सगळ्या गावाचा निकाल लावता येत नाही.

बेदाण्याबद्दल थोडे स्पष्ट बोलू. साधारण चार किलो द्राक्षे सुकली की एक किलो बेदाणा होतो. पाणी जाते, साखर राहते. बेदाण्यात निम्म्याहून जास्त साखरच असते, आणि सुकताना जांभळा रंगही बराच कमी होतो. त्यातून लोह, पोटॅशियम आणि तंतू मिळतात, शिरखुर्म्यात तो हवाच. पण मेंदूसाठी म्हणून दादीला रोज मूठभर बेदाणे देणे चुकीचे, विशेषतः शुगर असेल तर. सात-आठ दाणे भिजवून दिले तरी पुरे. हिरवा-पिवळा रंग टिकावा म्हणून काही बेदाण्यांना गंधकाची धुरी देतात. दम्याच्या माणसाला त्याचा त्रास होऊ शकतो, म्हणून तो धुऊन, भिजवून खावा आणि त्रास झालाच तर बंद करावा.

बारा महिने काय खावे?

आपल्या भागात एक फळ संपते तोवर दुसरे येते. गाडीवरच्या बागवानाला विचारले तर कोणते फळ कधी स्वस्त होणार ते तो सांगतो. त्याच्या कलाने चालले की खिशाला चटका बसत नाही.

*हिवाळा ते मार्च :* महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी. ती सातारा जिल्ह्यातून आपल्याकडे ताजी पोहोचते. २०१२ च्या पाहणीतले हेच फळ. आठवड्यातून दोन-तीनदा सात-आठ स्ट्रॉबेरी पुरेत. याच दिवसांत आवळाही मिळतो. त्यात जांभळा रंग नाही, पण क जीवनसत्त्व भरपूर.

*जानेवारी ते एप्रिल :* काळी द्राक्षे. उन्हाळा लागता लागता कुठेकुठे तुतीही मिळते.

*एप्रिल-मे :* डोंगराची मैना, म्हणजे करवंद. शाहूवाडी, शिराळा, पाटणकडच्या बायका पाटीतून आणतात ती पिकलेली, काळीभोर करवंदे घ्यावीत. फालसा दिसला तर तोही घ्यावा. त्याचे सरबत साखर बेताची घालून करावे.

*जून-जुलै :* जांभूळ. गर आणि साल दोन्ही खावे.

*पावसाळा ते दिवाळीनंतर :* आटपाडी, जतकडची डाळिंबे. लाल दाण्यांतही अँथोसायनिन असते. कोकणातल्या वाचकांसाठी कोकम आहेच. त्याचे सार बिनसाखरेचे चांगले लागते.

जांभूळ आणि करवंद यांवर नर्सेसच्या पाहणीसारखे मोठे काम झालेले नाही. आम्ही ती सुचवतो याचे कारण त्यांत त्याच कुळातले रंग आहेत, ती ताजी मिळतात आणि परवडतात. डब्यात बंद होऊन हजारो किलोमीटर आलेल्या फळासाठी कर्ज काढायची गरज नाही.

गेली काही वर्षे रमजान द्राक्ष आणि स्ट्रॉबेरीच्या हंगामात येतो आहे. इफ्तारला खजूर झाली की दस्तरखानावर तळलेल्या भज्यांच्या आधी फळांचे ताट ठेवावे. काळी द्राक्षे, स्ट्रॉबेरी, डाळिंबाचे दाणे, वरून थोडा चाट मसाला. साखर आणि कंडेन्स्ड मिल्क घातले की फायदा तिथेच संपतो.

सांभाळून खा

*शुगर असेल तर :* फळे बंद करायची गरज नाही, प्रमाण पाहावे. एका वेळी एक छोटी वाटी, तीही जेवणावर लगेच नव्हे. जांभूळ इतर बऱ्याच फळांपेक्षा सौम्य, पण "जांभळाच्या बियांची पावडर चालू केली, गोळ्या बंद केल्या" असे करू नये. गोळ्या चालू असताना पावडर घेतली तर शुगर फार खाली जाण्याचीही भीती असते. डॉक्टरांना सांगूनच घ्यावी.

*किडनीचा त्रास असेल तर :* बेदाणे आणि डाळिंब यांत पोटॅशियम असते. किती चालेल ते डॉक्टरांना विचारावे.

*गिळायला त्रास होत असेल तर :* स्मृतिभ्रंश पुढे गेला की घास घशात अडकतो. अख्खे द्राक्ष किंवा जांभळाची बी अशा माणसाच्या हातात देऊ नये. बी काढून, गर चमच्याने कुस्करून द्यावा आणि माणूस बसलेला असतानाच भरवावा.

*जॅम, सिरप, मुरंबा, लोणचे :* ही फळे नव्हेत. जॅममध्ये साखर आणि करवंदाच्या लोणच्यात मीठ भरपूर असते. बीपीच्या माणसाने जपून.

*धुणे :* द्राक्षांवर फवारण्या होतात. घड मोकळा करून वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून धुवावा.

फळांपेक्षा मोठी कामे

समजा घरात रोज जांभळे येतात, पण दादीची शुगर वर्षभर तपासलेली नाही आणि तिला ऐकू येत नाही म्हणून तिच्याशी कुणी बोलत नाही. मग त्या जांभळांचा काय उपयोग?

२०२४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या आयोगाने स्मृतिभ्रंशाची चौदा कारणे सांगितली, जी माणूस बदलू शकतो. ही सगळी सांभाळली तर जगातल्या सुमारे ४५ टक्के केसेस टाळता किंवा लांबवता येतील, असा त्यांचा अंदाज आहे. शिक्षण कमी असणे, कमी ऐकू येणे, कमी दिसणे, वाढलेले कोलेस्टेरॉल, बीपी, शुगर, लठ्ठपणा, हालचाल नसणे, धूम्रपान, दारूचा अतिरेक, डोक्याला मार, नैराश्य, लोकांपासून तुटणे आणि हवेचे प्रदूषण.

ही यादी आपल्या घरावर लावून पाहा. मोतीबिंदूचे ऑपरेशन "या वयात कशाला" म्हणून लांबवले आहे का? कानाच्या मशीनची लाज वाटते का? अब्बांची विडी आणि अम्मांची मिसरी चालूच आहे का? मिसरी हाही तंबाखूच आहे. तोही रक्तवाहिन्यांना त्रास देतो. आजोबांना गाडीवर मागे बसवताना हेल्मेट घालतो का?

आणि बायकांचा प्रश्न वेगळा आहे. पुरुष नमाजच्या निमित्ताने दिवसातून अनेकदा चालतात, चार लोकांना भेटतात. आपल्या बऱ्याच घरांत दादी-नानी मात्र महिनोन् महिने उंबऱ्याबाहेर पडत नाहीत. चालणे नाही, बोलणे नाही. त्यांना सकाळी अर्धा तास सोबत घेऊन चालायला न्यावे. विलिंग्डन कॉलेजच्या बाजूला सकाळी कितीतरी लोक चालत असतात, त्यात आपली दादी का असू नये? मुलींना पुरेसे शिकवणे हासुद्धा या यादीतला पहिला उपाय आहे. आजची शिकलेली मुलगी पन्नास वर्षांनी आजी होईल, तेव्हा ते शिक्षण तिच्या मेंदूला उपयोगी पडेल.

कुणाकडे जावे?

विसरण्याची लक्षणे दिसली की आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जावे. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईड, नैराश्य, काही औषधांचा परिणाम, लघवीचा जंतुसंसर्ग यांमुळेही माणूस गोंधळतो, आणि यातले बरेचसे उपचाराने सुधारते. साध्या रक्ततपासणीने कळू शकणारी गोष्ट बाहेरची बाधा समजून वर्षभर अंगावर काढली, असे आम्ही जवळून पाहिले आहे. दुआ जरूर करा, त्याबरोबर तपासणीही करा.

सांगलीत पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आहे, मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. मेंदूविकार किंवा मानसोपचार विभागाची चौकशी करावी. ज्येष्ठ नागरिकांसाठी सरकारची मोफत हेल्पलाइन १४५६७ आहे. सांभाळणाऱ्या माणसाचेच मन थकले असेल तर टेली-मानसच्या १४४१६ या नंबरवर बोलता येते. तिथे मराठीतूनही बोलता येते.

रोजांबद्दलही एक सांगावे वाटते. विसरणाऱ्या माणसाला तहान लागलेली कळत नाही, औषधाची वेळ लक्षात राहत नाही. आजारी माणसाला शरियतने सवलत दिलेली आहे. अशा मोठ्यांच्या रोजाबद्दल डॉक्टर आणि आलिम दोघांशी आधीच बोलून ठरवावे. "लोक काय म्हणतील" हा विचार मध्ये आणू नये.

शेवटी

जांभळांची वाटी दादीसमोर ठेवाल तेव्हा ती ठेवून लगेच उठू नका. बाजूला बसा. त्यांच्या लहानपणी जांभळे कुठून आणायचे, झाडावर कोण चढायचे, मार कुणी खाल्ला, ते विचारा. आजची गोष्ट विसरणाऱ्या माणसाला पन्नास वर्षांपूर्वीचे झाड अनेकदा लख्ख आठवते. त्यांनी तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगितली तरी "सांगितलंय हो मघाशी" म्हणू नका. आपण लहान असताना एकच प्रश्न दहा वेळा विचारायचो, तेव्हा त्यांनी दहा वेळा उत्तर दिले होते.

ब्लूबेरी सांगलीत कुठे मिळते, या प्रश्नाचे आमचे उत्तर असे आहे : शोधत बसू नका. हंगामात जे जांभळे-काळे फळ गाडीवर आहे ते आणा, या आठवड्यात शुगर-बीपी तपासून घ्या, आणि संध्याकाळचा अर्धा तास त्यांच्याजवळ बसा.